अस्वल आणि सहा मोबाईल

दुपारपासून लिहू की नको करत होते. आता लिहितेच. लांबलचक होणार आहे, कंटाळा आला तर खुशाल पुढे जा.

दुपारी काम करता करता लक्षात आलं की धाकट्याचा बराच वेळ आवाज नाही. साडेपाच वर्षांचं पोर गप्प आहे म्हणजे काहीतरी शिजतंय, हे आयांना सांगायला नको. डोकावले तर साहेब जमिनीवर पालथे पडून खेळत होते. मधोमध अस्वल, उताणं. भोवती हत्ती, डायनासोर, दोन मोटारी, ताईची जुनी बाहुली आणि एक चाक गेलेला ट्रक. प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक चपटा लाकडी ठोकळा उभा करून ठेवलेला. मला वाटलं शाळा भरली आहे आणि या पाट्या आहेत.

"पाट्या नाहीत गं, मोबाईल आहेत. ते व्हिडिओ काढतायत."

"आणि अस्वलाला काय झालंय?"

"त्याला मारलंय. तीनदा."

मग माझी ट्यूब पेटली. चार दिवसांपूर्वी नातेवाईकांच्या ग्रुपवर एका काकांनी एक रील टाकली होती. दहा-पंधरा जण एका माणसाला मारतायत, वर लिहिलेलं 'सावध राहा'. मी उघडली तेव्हा हा मागून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभा होता, ते मला उशिरा कळलं. रील छोटीशी, संपली की आपोआप पुन्हा सुरू होणारी. मी फोन पालथा घातला, "काही नाही रे, जा खेळ" म्हटलं. तो गेला. तेव्हा खेळलाही.

आपल्याला माहीत असतं की तीच क्लिप परत लागली. त्याच्या हिशोबाने त्या माणसाला तीनदा मारलं.

काका, तुम्ही हे वाचत असाल तर वाचाच. 'सावध राहा' म्हणजे नक्की काय करू? त्या रीलमध्ये सावध राहण्यासारखं काय होतं? ना जागा कळत होती, ना कारण, ना दिवस. तुम्हाला ते बघताना जे काही वाटलं ते एकट्याने सहन होईना, म्हणून तुम्ही ते चाळीस जणांच्या अंगावर टाकलंत. त्या चाळीस फोनांपैकी निम्मे तरी संध्याकाळी पोरांच्या हातात असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमचा नातूच तर सांगतो तुम्हाला आवाज कसा कमी करायचा ते.

बी.ए.ला आम्हाला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुराचा प्रयोग होता. 1961 साल, अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ, तीन ते सहा वर्षांची 72 मुलं. मोठं माणूस फुगवलेल्या बाहुल्याला बदडतं, हातोडीने हाणतं. ते पाहिलेली पोरं नंतर तशीच बदडायला लागतात, तोंडचे शब्दसुद्धा तेच. 1963 मध्ये तेच फिल्मवर दाखवलं, तरी तसंच झालं. आम्ही पाच मार्कांची टीप लिहून मोकळ्या झालो. पण बांडुराच्या खोलीत त्या बाहुल्याभोवती मोबाईल धरून कुणी उभं नव्हतं. उभं असतं तर पोरांनी तेही उचललं असतं, पैजेवर सांगते. माझ्या पोराने अस्वलाला फारसं मारलं नाही. त्याचा सगळा जीव ठोकळे नीट उभे करण्यात होता. हत्तीचा पडला की परत उभा करायचा.

आता कमेंटमध्ये येणारच: 'आम्ही पण मारधाडीचे सिनेमे बघून मोठे झालो, आम्ही कुठे कुणाचा खून केला?' बरोबर आहे, नाही केलात. गेम खेळणारं प्रत्येक पोर गुंड होत नाही, अभ्यासकांचंही त्यावर एकमत नाही. झालं समाधान? पण खून न करणं एवढीच पोरं वाढवण्याची अपेक्षा आहे का आपली? रात्री दचकून उठणं, दार वाजलं की आधी कोपरा शोधणं, वर्गात बाई शिकवत असताना कान पॅसेजमधल्या आवाजाकडे लागलेले असणं, हे कुठल्या गुन्ह्यांच्या यादीत येत नाही म्हणून ते नाहीच का?

आणि माझ्या पोराने तर पडद्यावर पाहिलं. फोन पालथा घालता येतो. ज्यांच्या गल्लीतच रोज हे चालतं, त्यांनी खिडकी किती वेळ लावून बसायचं? शिकागोतल्या मुलांवर पॅट्रिक शार्की नावाच्या समाजशास्त्रज्ञाने काम केलं, 2010 मध्ये छापून आलं. घराच्या आसपास खून झाला की पुढच्या काही दिवसांत तिथल्या मुलांचे शब्दांच्या आणि वाचनाच्या चाचणीतले गुण घसरायचे. त्यांनी तो खून डोळ्यांनी पाहिलेला असो वा नसो! शरीर सतत पळायच्या तयारीत असेल, कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, खाली यायलाच तयार नसेल, तर पाढे कुठून डोक्यात शिरणार? आणि आपण त्या पोराच्या प्रगतिपुस्तकावर 'लक्ष देत नाही' असा शेरा मारतो. लक्षच तर देतंय ते. बाकी कुणी देत नाही तेवढं.

मध्ये उठून पाणी पिऊन आले. काकांवर जरा जास्तच चढले. पण खोडत नाही, राहू दे.

कारण खरं सांगायचं तर धाकटा खोलीत गेल्यावर मी तो फोन पुन्हा सरळ केला होता. रील अजून एकदा पाहिली. मग अजून एकदा. का, ते मला सांगता येणार नाही. त्या माणसासाठी मी काहीही करणार नव्हते, करूही शकत नव्हते. आणि ग्रुपवर 'हे इथे टाकू नका' एवढं चार शब्दांचं वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. दुपारी खेळ पाहिल्यावर लिहिलं. एक अंगठा आला, बाकी सगळे चिडीचूप.

खेळातली ती बाहुली कोण, हे मी त्याला विचारलं नाही.

एक मात्र आठवलं. 1976 मध्ये कॅलिफोर्नियात चौचिला इथे शाळेच्या बसमधली 26 मुलं पळवून नेली होती. सगळी जिवंत सुटली. नंतर लिनोर टेर या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी त्यांच्याशी बोलून, त्यांचे खेळ पाहून लिहून ठेवलं: तोच प्रसंग, परत परत, आणि खेळण्यात मजा अजिबात नाही. दुपारी मला तेच खुपत होतं, नाव सापडत नव्हतं. हा एकदाही हसला नव्हता.

म्हणून रात्री 'चल, आवर पसारा' म्हणायच्या ऐवजी मी शेजारी बसले. बराच वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "त्या काकांना दवाखान्यात कुणी नेलं?"

"नेलं असेल कुणीतरी."

"कुणी? सगळ्यांच्या हातात तर मोबाईल होते."

याला काय उत्तर देणार? मी म्हटलं, आपण अस्वलाला ट्रकमधून नेऊ या का? तीन चाकांवर जाईल हळूहळू. त्याने विचार केला. ट्रकसमोरचा ठोकळा उचलला, हातात फिरवला, आणि परत होता तिथे उभा केला.

"उद्या. आता नको, अजून चालू आहे ते."

झोपलाय आता. अस्वल तिथेच उताणं आहे, मी उचललेलं नाही.