तीन गंज आणि एक तवा

नागपुरात मे महिन्यात स्वयंपाक करणाऱ्या बाईला रोज एकच पेच पडतो. पंखा लावला तर गॅस विझतो आणि पंखा बंद केला तर बाई विझते. (बाईच म्हणते आहे, कारण मे महिन्यात एखादा बुवा स्वयंपाकघरात दिसलाच, तर तो फ्रिजचं दार उघडून, काहीही न घेता, नुसता उभा असतो.) कूलर हॉलमध्ये. त्याची हवा दारापर्यंत येते, फोडणीचा ठसका घेते आणि परत हॉलमध्ये जाऊन सगळ्यांना खोकायला लावते. मग हॉलमधून आवाज येतो, "एक्झॉस्ट लाव ना!" एक्झॉस्ट लागलेलाच असतो. तो बाहेरची लू आत घेतो की आतली वाफ बाहेर टाकतो, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही.

२३ मे २०१३ ला आमच्या शहराचा पारा ४७.९ वर गेला होता. त्या दिवशी आमच्याकडे भरलेली वांगी होती, एवढंच सांगते. आणि मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित यंत्रानं चक्क ५६ अंश दाखवले, तेव्हा देशभर चर्चा झाली. हवामान खात्यानं तपासून सांगितलं की यंत्रात बिघाड होता. मला काही ते पटलं नाही. यंत्र ठणठणीत असणार. कोणीतरी ते पोळ्या करणाऱ्या बाईच्या बाजूला नेऊन ठेवलं असणार.

म्हणून यंदा मी नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागायची वाट पाहिली नाही. सूर्य रोहिणीत जाईल २५ मेच्या सुमारास, त्याच्या सवडीनं. मी महिना लागल्या लागल्याच जाहीर केलं, की पाऊस येईपर्यंत या घरात गॅस पेटणार नाही. चहापुरता पेटेल. बाकी सगळं बाहेर.

नवऱ्याला आनंद झाला आणि तो लपवण्याचा त्यानं प्रयत्नही केला नाही. लेकीनं लगेच फोन काढून यादी सुरू केली. सासूबाई मात्र सुपारी कातरता कातरता थांबल्या. "बाप्पा! रोज हॉटेलात? अन् लोक काय म्हणतील, हिच्या घरी सिलिंडर संपलं का काय?"

"आई, लोकांच्या घरीही मेच सुरू आहे," मी म्हटलं.

खरं तर बाहेरचं खाणं आमच्या घराला नवीन नाही. नवरा रोज सकाळी साडेसहाला फिरायला जातो आणि त्याचं फिरणं पोह्याच्या ठेल्याशी संपतं. पण नागपूरकराला तर्री पोहा हे 'बाहेरचं खाणं' वाटतच नाही. ते त्याला औषधासारखं वाटतं, उपाशीपोटी घ्यायचं. पिवळ्याधमक पोह्यावर चण्याची लालभडक तर्री, वर कच्चा कांदा, लिंबू, आणि "भाऊ, थोडी तर्री अजून मार ना," असं म्हणत बशीत पोहा पोहायला लागेपर्यंत समोर धरलेला हात. घरी आल्यावर हाच माणूस मला म्हणतो, "भाजीत तेल जरा कमी टाकत जा."

तर जेवणं सुरू झाली. पहिले काही दिवस काय मजा! रामदासपेठ झालं, धरमपेठ झालं, सदर झालं, वर्धा रोड झाला. आत शिरलं की गार वारा अंगावर यायचा आणि मेनूकार्ड हातात पडायच्या आधीच माझं निम्मं पोट भरायचं. नवऱ्यानं त्यातही हिशेब काढला. आधी म्हणे जीएसटी एसी हॉटेलला १८ टक्के होता आणि बिनाएसीला १२. नोव्हेंबर २०१७ पासून दोन्हीकडे पाचच टक्के. "म्हणजे एसी फुकट! मग बिनाएसीत कोणता शहाणा बसेल?" पनीरची किंमत दोन्हीकडे तीच आहे का, हे मात्र त्यानं पाहिलं नाही. त्याचे सगळे हिशेब असे टॅक्सपाशी येऊन थांबतात.

बसल्याबरोबर पहिला प्रश्न पाण्याचा. "मॅडम, बॉटल लाऊँ या नॉर्मल?" हे 'नॉर्मल' अशा सुरात विचारलेलं असतं, की ते पिणारा माणूस नॉर्मल राहणार नाही अशी शंका यावी. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी पिशवीतून घरच्या माठाचं पाणी भरलेली स्टीलची बाटली काढून टेबलावर ठेवली. त्यानंतर त्या हॉटेलात आम्हाला पाणी कोणी विचारलं नाही. पापड मात्र विचारला.

दुसऱ्या आठवड्यात कुठेतरी लेक जेवता जेवता एकदम गप्प झाली. इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे गप्प झाली की काहीतरी निघतं. तिनं कागदी रुमाल घेतला, पेन काढलं आणि चौकोन आखायला लागली.

"आई, हे लोक आपल्याला गंडवून राहिले ना. मेनूत भाज्या ऐंशी आहेत. आत गंज तीनच आहेत."

(गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं.) मग तिनं सिद्धांत मांडला. एका गंजात टमाटरची लाल ग्रेव्ही, दुसऱ्यात काजू-मगजाची पांढरी, तिसऱ्यात परतलेल्या कांद्याची तपकिरी. लालमध्ये लोणी-मलई घातली की पनीर बटर मसाला. त्याच लालमध्ये ढोबळी मिरचीचे चौकोन टाकले की कढाई पनीर. पांढरीत साखर पडली की शाही, अख्खे काजू पडले की काजू करी. तपकिरीत तिखट ओतलं की व्हेज कोल्हापुरी, आणि वर दोन लाल मिरच्या तळून ठेवल्या की भाव चाळीस रुपयांनी वर. लाल आणि तपकिरी निम्मी-निम्मी केली की 'शेफ स्पेशल'. पालकाची हिरवी कुठे कुठे चौथी असते, पण ती तिनं 'ऐच्छिक विषय' म्हणून सोडली.

खरं-खोटं करायला आम्ही वेटरलाच विचारलं. भला माणूस होता. त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ग्रेव्ही सेम है मॅडम, टेस्ट अलग है."

यापेक्षा खरं वाक्य मी त्या महिन्यात ऐकलं नाही. घरी मी दोडक्याची भाजी केली की लगेच "परत दोडका?" होतं. मागच्या वेळी मुगाची डाळ घालून केलेली असते, या वेळी फल्लीदाण्याचा कूट लावून, त्याआधी दोडक्याच्या शिरांची चटणी झालेली असते. तरी तो "परत दोडका". आणि इथे आठवडाभर एकाच लाल गंजातलं वेगवेगळ्या वाटीत खाऊन माणसं म्हणतात, "व्हरायटी आहे हं!" मला वाटतं घरच्या भाज्यांना नावंच चुकीची पडली आहेत. दोडक्याला 'दोडका दरबारी' म्हटलं आणि वर मलईची एक रेघ मारली, तर नवरा दुसऱ्यांदा मागेल. (पुढे हा प्रयोग मी केला. त्यानं तिसऱ्यांदा मागितली.)

नवऱ्याला हा शोध मनाला लागला. "एकच रस्सा खायचा असेल तर मग सावजीचा खाऊ!" असं म्हणून तो आम्हाला भर दुपारी घेऊन निघाला. सावजी म्हणजे आमच्या इथल्या विणकर हलबा कोष्टी समाजाची देणगी. हातमागावर बसणाऱ्या माणसांचं जेवण, खसखस-खोबऱ्याचं वाटण, मसाले काळपट होईपर्यंत भाजलेले, आणि वर बोटभर तेल. गावाबाहेरचे लोक याला तिखट म्हणतात. आम्ही याला जेवण म्हणतो. नवऱ्यानं मटण मागवलं, मी पाटोडी रस्सा. त्या खोलीत एसी नव्हता. एक पंखा होता आणि तोही कोणाकडे पाहावं हे न कळून नुसताच मान फिरवत होता. पहिल्या घासाला नाक, दुसऱ्याला डोळे, तिसऱ्याला कान. चौथ्यानंतर कोणी कोणाशी बोललं नाही. बाजूच्या टेबलावरचे एक काका घाम पुसायचा टॉवेल घरूनच घेऊन आले होते. अनुभवी माणूस. जेवून बाहेर पडलो तेव्हा दुपारचे दीड वाजले होते आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. नवरा उन्हात उभा राहून म्हणाला, "आता कसं गार वाटून राहिलं!" मे महिन्यात, नागपुरात, दीड वाजता. सावजीची एवढी शक्ती मी दुसऱ्या कशात पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ताक-भात मागितला. ताक-भात कोणत्याच मेनूत नव्हता. 'कर्ड राईस' होता. त्यात डाळिंबाचे दाणे होते आणि त्या किमतीत घरी आठवडाभर दही लागलं असतं.

मग लेकीनं बाहेर जाण्याऐवजी फोनवरून मागवण्याचं काढलं. त्यातला शारीरिक त्रास कमी आणि प्लास्टिकचे डबे जास्त. 'दत्तमंदिराच्या बाजूची गल्ली' एवढ्यावर आमच्या भागात घर सापडत नाही, कारण प्रतापनगरात गल्लीपेक्षा दत्तमंदिरं जास्त आहेत. एक पोरगा घामानं निथळत आला. सासूबाईंनी त्याला दारातच थांबवलं, माठातलं पाणी दिलं, पन्ह्याचा पेला दिला आणि विचारलं, "जेवला का रे बाबू? का दिवसभर हेच खातं?"

"नाही आजी," तो गाडीच्या डिक्कीकडे बोट दाखवून म्हणाला, "डबा आणतो ना घरून. आईनं भेंडी दिली आज."

सासूबाई दार लावून आत आल्या आणि आमच्यापुढच्या पनीरकडे पाहत कितीतरी वेळ काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं मला चांगलं ओळखता येतं. त्यात मुद्देसूदपणा असतो.

दोनच दिवसांनी घरात आंबे आले. पेटी नाही, कळमन्याच्या मार्केटातून कोणीतरी ओळखीच्यानं आणलेली टोपलीच. सासूबाईंनी ते पलंगाखाली गवतात मांडले. मी काही बोलले नाही. आंब्याला गॅस लागत नाही. मग एके दिवशी त्यांनी रस काढला. रसालाही गॅस लागत नाही. रस बाहेर मिळतो, पण वाटीत मिळतो, आणि विदर्भातला माणूस रस वाटीत खात नाही, ताटात खातो. इथपर्यंत माझा नियम अबाधित होता.

"आता रसासंगं काय, हॉटेलातली रोटी खाशील का वो?" त्यांनी निष्पाप चेहऱ्यानं विचारलं.

तंदुरी रोटी रसात बुडवून पाहिली. ती बुडत नाही. तिला रसाचं काही वाटतच नाही. म्हणून फक्त पोळ्या झाल्या. चार माणसांच्या, पहाटे साडेपाचला, ऊन्ह यायच्या आत. तवा तापलाच आहे म्हणून कुरडया तळल्या. रसाला कुरडई नसेल तर तो रस नुसताच पिवळा. तेल गरमच होतं म्हणून भज्यांचा एक घाणा. दुसऱ्या दिवशी सरगुंडे. सरगुंडे उकडायला पाणी तापवलं तेव्हा त्याच आचेवर बाजूला वरण शिजलं, आपोआप. सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) फ्रिजमध्ये सुकत होता म्हणून वरणावर टाकला. वरण आहे म्हणून भात. आठवड्याअखेर घरात पूर्ण स्वयंपाक होत होता आणि कोणीही तो सुरू केला नव्हता.

मी आक्षेप घेतला. "आई, गॅस बंद ठरलं होतं ना?"

"मी कुठं स्वयंपाक केला? मी तर रस काढला."

नवरा अजूनही बाहेर सगळ्यांना सांगतो की आम्ही या उन्हाळ्यात रोज बाहेर जेवलो. त्याच्या हिशेबात आंबा धरत नाहीत. आणि बाहेरच्या जेवणातून घराला काहीच मिळालं नाही असंही नाही. फ्रिजच्या दारात टमाटर सॉसच्या पुड्या आहेत, ओरेगॅनो आहे (तो नवऱ्यानं एकदा पोह्यावर टाकून पाहिला), लिंबाच्या वासाची ओली कागदं आहेत. सगळ्यात मोठा साठा सासूबाईंच्या पिशवीत निघाला. बिलासोबत येणारी बडीशेप आणि खडीसाखर त्या दर वेळी कागदात बांधून आणत होत्या. "पैसे दिले ना आपण," म्हणाल्या.

त्या दिवशी रस-पोळी जरा जास्तच झाली. आम्ही चौघंही ताटावरून उठायच्या स्थितीत नव्हतो. सासूबाईंनी पिशवीतून पुडी काढली, एका बशीत बडीशेप ओतली आणि बशी नवऱ्यासमोर सरकवली.

"घे. अन् बाबू, टिप ठेवजो."