सेलेनियमवालं प्रथिन बनवायचंय? सरळ जाऊ नका

प्रथिनात सेलेनियम घालायचा बेत आहे ना? मग पहिलं पथ्य ऐका: सेलेनोसिस्टीन या एकविसाव्या अमिनो आम्लाला, म्हणजे प्रथिनाच्या सेलेनियमवाल्या विटेला, स्वतःचा संकेत द्यायचा नाही. त्याला यूजीए हा तीन अक्षरी संकेत द्या. एरवी रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिन जोडणारं यंत्र, जिथे काम थांबवतं, तोच.

मग इथे थांबायचं नाही, हे रायबोसोमला कळणार कसं? खुलासा जोडा, पण जवळ नको. जीवाणू भाबडे, ते खुलासा यूजीएला लागूनच ठेवतात. आपण प्रगत. आपण तो एमआरएनएच्या, म्हणजे रायबोसोम वाचतो त्या जनुकाच्या नकलेच्या, शेपटाकडे, प्रथिनाचा मजकूर संपल्यावर, सेसिस नावाच्या वेटोळ्यात ठेवायचा. तो ओळखायला एसबीपी२ हे वेगळं प्रथिन नेमा. माल, म्हणजे सेलेनोसिस्टीन, आणायला ईएफसेक हा खास वाहक. नेहमीचा वाहक चालत नाही.

आता माल. तयार सेलेनोसिस्टीन टीआरएनएवर, म्हणजे अमिनो आम्लं वाहून नेणाऱ्या हातगाडीवर, चढवलं, असला सोपेपणा अजिबात नको. आधी सेरीन हे साधं अमिनो आम्ल चढवा. मग एक एन्झाइम त्याला फॉस्फेट लावेल, दुसरं तेच फॉस्फेट काढून सेलेनियम बसवेल. काढायचंच होतं तर लावलं कशाला, असले प्रश्न विचारू नयेत. सेलेनियम पुरवतं सेलेनोफॉस्फेट. ते बनवणारं एन्झाइम माणसात स्वतःच सेलेनियमवालं! रेशनकार्डासाठी रहिवासी दाखला आणि दाखल्यासाठी रेशनकार्ड मागणाऱ्यांनी ही युक्ती कुठून उचलली, ते आत्ता कळलं.

एवढ्या खटाटोपातून माणसाच्या पदरात पडतात २५ जनुकांची प्रथिनं. त्यातल्या सेलेनोप्रोटीन पी च्या एकाच साखळीत ही वरात १० वेळा काढावी लागते. मध्येच सेलेनियम संपलं, तर रायबोसोम यूजीएचा सरळ अर्थ घेतो आणि अर्धवट प्रथिन भंगारात.

एखादा शहाणा म्हणेल, सेलेनियमऐवजी गंधक घाला, म्हणजे सिस्टीन हे गंधकवालं भावंड वापरा. जीपीएक्स४ या एन्झाइमात उंदरांवर तेही करून पाहिलं. पिल्लं जन्मली, पण काही आठवड्यांतच झटके येऊन मेली. तेव्हा शहाण्यांना लांब ठेवा.

यीस्ट आणि भाताचं रोप या भानगडीत पडतच नाहीत. त्यांच्या नादी लागू नका. आदर्श ठेवायचाच तर सी. एलेगन्स या मिलिमीटरभर कृमीचा ठेवा. तिला सेलेनोसिस्टीन लागतं एकाच प्रथिनात, तेही एकाच जागी. तेवढ्यासाठी सेसिस, टीआरएनए, एन्झाइमं असा सगळा लवाजमा तिनं पोसलाय. आणि ते एकुलतं एक प्रथिन काढून घेतलं, तरी ती मजेत जगते.