भरीत आचेवर होते, पण हातांनी तयार होते

हिवाळ्यात भरिताच्या जेवणावळी सुरू झाल्या की जळगाव-धुळ्याकडच्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो: खान्देशी आचेपुढे एकही जंतू टिकत नाही, उरलेसुरले लसूण-मिरची मारते, हातमोजे घातले की हात धुवायची गरज नाही आणि भाजणे-पोळणे हा ज्याच्या त्याच्या हलगर्जीपणाचा भाग आहे. केटरिंगवालेच तो पुढे पाठवतात, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

आचेचा दावा अर्धाच खरा आहे. जाळावर भाजताना वांग्याच्या सालीवरचे जंतू मरतात; पण सोलणे, ठेचणे, कच्ची पात आणि कोथिंबीर मिसळणे ही सगळी कामे जाळावरून उतरवल्यानंतरची आणि हातांची आहेत. त्या हातावर चिघळलेली चीर असेल तर तिच्यातले स्टॅफिलोकॉकस जंतू भरितात वाढू शकतात आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भाताचे तर याहून वाईट, कारण बॅसिलस सेरिअस या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याचे टणक कवचातले सुप्त रूप, उकळीतही तगतात आणि भात कोमट राहिला की पुन्हा वाढू लागतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा अन्नासाठी धोक्याचा पट्टा मानला जातो. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना मांडवातला ‘गार झालेला’ भात याच पट्ट्यात असतो. भंडाऱ्यातले वरणही खोल पातेल्यात तासन्‌तास कोमट राहते. ते गरम ठेवायचे तर ६० अंशांच्या वर, आणि उरवायचे तर उथळ भांड्यांत ओतून लवकर थंड करायला हवे.

लसूण-मिरचीबद्दल थोडक्यात: मसाला म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. उलट कच्चा लसूण तेलात बुडवून दिवसेंदिवस बाहेर ठेवला, तर हवाबंद तेलात बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंना आयतीच जागा मिळते.

हातमोज्यांनी पैसे मोजले, मोबाइल घेतला, घाम पुसला, तर ते मळलेल्या हातांसारखेच होतात. फरक इतकाच की मळ जाणवत नाही. शिवाय पातळ प्लॅस्टिकचे मोजे जाळाजवळ वितळून कातडीला चिकटतात.

शेवटचा दावा मला सर्वांत खटकतो. डळमळीत शेगडी, ओली निसरडी जमीन, चहूबाजूंनी कनात लावलेल्या मांडवातला १९ किलोंचा सिलिंडर, ज्याचा गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो: यातले काहीही आचाऱ्याच्या मदतनिसाने ठरवलेले नसते. पेटलेल्या तेलावर पाणी टाकू नये, झाकण ठेवून गॅस बंद करावा, हेही त्याला कोणी शिकवलेले नसते. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतील परिशिष्ट ४ उघडी जखम असलेल्या माणसाला अन्न हाताळण्यापासून दूर ठेवायला सांगते. पण दूर ठेवणे म्हणजे दिवसाचा रोज बुडणे असेल, तर तो बोटावरची चीर चिंधीखाली लपवणारच. ठेकेदाराने त्याला त्या दिवशी जाळात काड्या सारायला बसवावे आणि रोज पूर्ण द्यावा.