‘स्विच बंद करा आणि विसरा’: ट्रेलरच्या बॅटरीचा तो मेसेज

थंडी जवळ आली की अमेरिकेतल्या ट्रेलरवाल्या (म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर असलेल्या) मराठी मंडळींत हा सल्ला हमखास फिरतो: “सीझन संपला की बॅटरीचा स्विच बंद करा आणि एप्रिलपर्यंत विसरा. थंडीत बॅटरी उलट जास्त टिकते. फक्त काँक्रीटवर ठेवू नका. थोडी उतरलीच तर पहिल्या ट्रिपला गाडी वाटेत भरून देते. लिथियम असेल तर काहीच बघायला नको.”

यातलं एकही वाक्य जसंच्या तसं मानू नका.

आधी स्विच. तो बंद केला की दिवे जातात, पंप थांबतो, आणि सगळं तुटलं असं वाटतं. पण बऱ्याच ट्रेलरमध्ये गॅस डिटेक्टरची वायर स्विचला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेली असते. असा डिटेक्टर साधारण ०.१ अँपिअर खातो असं धरलं, तर दिवसाला २.४ अँपिअर-तास गेले. ८० अँपिअर-तासांची साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी अडीच आठवड्यांत अर्ध्यावर येते, आणि अर्ध्याच्या खाली तिला नेऊच नये. उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात. मग कितीही चार्ज करा, पूर्वीची ताकद येत नाही.

याच स्विचची दुसरी गंमत: ट्रेलर घरच्या विजेला जोडलाय, पण स्विच बंद आहे. आतले दिवे छान लागतात, कारण ते कन्व्हर्टरवर, म्हणजे घरच्या विजेचं १२ व्होल्ट करणाऱ्या यंत्रावर, चालतात. बॅटरीपर्यंत मात्र पुष्कळ ट्रेलरमध्ये काहीच पोचत नाही! त्यामुळे चार्ज करायचं तर स्विच चालू हवा. आणि ठेवून द्यायचं तर स्विचवर विसंबू नका, बॅटरीची निगेटिव्ह वायरच काढा.

थंडीचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. गारव्यात बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग कमी होतो, हे बरोबर. पण कडक थंडी सोसते ती भरलेल्या बॅटरीलाच. पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड उणे ५० अंश सेल्सिअसलाही गोठत नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरतं, ते उणे ७-८ अंशांच्या आसपास गोठतं आणि बॅटरीचा डबा तडकू शकतो. उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यातल्या जानेवारीत उणे ७ म्हणजे बरा दिवस. तेव्हा आधी पूर्ण चार्ज, मग वायर काढणं, आणि महिन्यातून एकदा मल्टिमीटरने व्होल्टेज मोजणं. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर भरलेली, १२.४ला चार्जर लावा, १२.१ म्हणजे जेमतेम निम्मी. चार्जर काढल्याकाढल्या मोजू नका, आकडा फुगलेला दिसतो. काही तास जाऊ द्या.

काँक्रीट? ती भीती जुन्या लाकडी नि रबरी डब्यांच्या काळातली. आताचे डबे प्लास्टिकचे. खुशाल ठेवा.

“गाडी वाटेत भरून देते” याचा हिशोब करून बघा. गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगमधली चार्जिंगची वायर लांब आणि बारीक असते, व्होल्टेज वाटेतच गळतं. ट्रेलरपर्यंत ५ अँपिअर पोचले असं समजा. चार तासांच्या प्रवासात २० अँपिअर-तास मिळतात, आणि निम्म्यावर आलेल्या ८०च्या बॅटरीला हवेत ४०. त्यात १२ व्होल्टचा फ्रिज चालू असेल तर तो आपला वाटा आधी उचलतो.

लिथियमवाल्यांनी तर नीट लक्ष द्यायला हवं. लिथियम आयर्न फॉस्फेट (ट्रेलरमध्ये सहसा असते ती लिथियम बॅटरी) आपोआप फार कमी उतरते, पण शून्य अंशाखाली तिला चार्ज केलं तर आत धातूरूप लिथियम साचतं आणि ते नुकसान भरून निघत नाही. चांगल्या बॅटरीतलं संरक्षक सर्किट अशा वेळी चार्जिंग अडवतं, पण सगळ्याच बॅटऱ्यांत ही सोय नसते. शिवाय लेड-अ‍ॅसिडसारखं हिला भरगच्च ठेवायचं नाही, हिवाळ्यासाठी निम्म्याच्या थोडं वर पुरे. वजनाला हलकी असते, त्यामुळे खोलून घरात आणून ठेवणं फारसं जड जात नाही.