चिंचिला महिन्याला 500 रुपयात? अन् तेही नागपुरात?

सोसायटीच्या ग्रुपवर चिंचिलाचा (खार-उंदरासारखा कुरतडणारा, मऊ दाट लवेचा छोटा प्राणी) तो मेसेज परत फिरतोय. "चिंचिला पाळा, सशापेक्षा स्वस्त, मूठभर चारा, आंघोळीची कटकट नाही, उन्हाळ्यात कूलर पुरतो, महिन्याला 500 रुपयात काम." सुट्ट्या लागल्या की पोरं मागं लागणार, म्हणून आत्ताच लिहून टाकतो.

कूलरपासून सुरू करतो, खरी गोम तिथंच आहे. हा प्राणी अँडीज पर्वतातला, चिलीकडच्या थंड कोरड्या डोंगरातला, कातडीच्या एकेका छिद्रातून पन्नासेक केस निघतात इतकी दाट लव, आणि घाम येतच नाही. पारा 25 च्या वर गेला की त्याचे हाल सुरू, आपल्याकडे मे महिन्यात 45 ची कोणी बातमी पण करत नाही. बरं कूलर हवा गार करतो ती ओली करून. कूलरसमोर राहिलेला चिवडा कसा सादळतो ते माहीतच आहे, तशी ओल त्या लवेत बसते आणि बुरशी धरते. म्हणजे एसीच पाहिजे, तोही दिवसाचे 18 तास तरी. तासाला एक युनिट, युनिटचे दहा रुपये धरा, झाले महिन्याचे 5400. पाचशे म्हणे!

आणि लाइट गेली की? मागच्या मे मध्ये एका मित्राचा चिंचिला दहा दिवस माझ्याकडे होता, ते लोक लग्नाला गेलेले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी लाइट गेली, इन्व्हर्टरवर एसी काही चालत नाही, अन् थोड्या वेळात बघतो तर त्याचे कान लालभडक आणि तो कुशीवर पडलेला. बर्फाची बाटली टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवली, मार्बलचा तुकडा ठेवला, लाइट येईपर्यंत तिथून हललो नाही.

आंघोळ नको हे अर्धं खरं. पाण्याची नको, पण आठवड्यातून दोन-तीनदा धुळीची लागते, त्याची ती खास बारीक भुकटी असते. "रेती टाकली की झालं" म्हणणाऱ्यांनी कन्हान नदीची रेती कधी हातात घेतली नाही वाटतं, ती स्लॅबला ठीक आहे राजेहो, या लवेला नाही. भुकटी विकत आणायची आणि मग टीव्हीपासून देव्हाऱ्यापर्यंत पुसत बसायचं.

मूठभर चारा? याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजायला वाळलेलं गवत दिवसरात्र पुढ्यात लागतं. लसूणघास स्वस्त मिळतो म्हणून रोज तोच घातला तर कॅल्शियम जास्त होऊन मुतखड्याची भीती. दात वाकडे वाढले की लाळ गळते, खाणं सुटतं, मग भूल देऊन घासावे लागतात, आणि गल्लीतले डॉक्टर बहुतेक कुत्र्या-मांजरांचे. सेमिनरी हिल्सला व्हेटरनरी कॉलेज आहे, तेवढं तरी नागपूरकरांचं नशीब.

सशापेक्षा स्वस्त म्हणताना वर्षं कोणी मोजलीच नाहीत. ससा आठ-दहा वर्षं, हा नीट ठेवला तर पंधरा-वीस. आज चौथीतली पोरगी नोकरीला लागेल तेव्हाही हा पिंजऱ्यात उड्या मारत असेल, रात्री दोन वाजता, कारण दिवसा झोपतो.

मित्र लग्नाहून आला, पिंजरा घेऊन गेला. पुढच्या महिन्यात आलेलं लाइटबिल मी त्याला फोटो काढून पाठवलं, निळी टिक दिसतेय, उत्तर अजून आलं नाही.