"कसं चाललंय?" "चाललंय."

लिफ्टमध्ये मी आणि आमचे नवे विभागप्रमुख, दोघंच. तळमजल्यावरून अकराव्या मजल्यावर जायचं. त्यांनी विचारलं, "काय, कसं चाललंय?" मी म्हणाले, "चाललंय." मग दोघंही दारावरच्या आकड्यांकडे बघत उभे. तीन. चार. पाचव्या मजल्याला मी मोबाइल काढून त्यात बघू लागले. रेंज नव्हती. सरांनीही त्यांचा काढला. त्यांनाही नसणार.

अशा प्रसंगांनंतर मी वर्षानुवर्षं स्वतःची समजूत घालत आले की आपल्याला उगाच तोंडाची वाफ दवडायला आवडत नाही. बोलायचं तर मुद्द्याचं बोलावं. ऐकायला भारदस्त वाटतं हो! खरं कारण एवढंच की मला ते जमत नव्हतं, आणि जे जमत नाही ते फालतू ठरवून मोकळं होता येतं.

माझा हा माज उतरवला तो मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने. ट्रोब्रिअंड बेटांवर राहून आलेला हा माणूस. १९२३ साली त्याने अशा बोलण्याला 'फॅटिक कम्युनियन' असं नाव दिलं. त्याचं म्हणणं, इथे शब्द माहिती द्यायला नसतातच, माणसाशी माणूस बांधायला असतात. लगेच आठवलं, पायात चपला घालून दाराला कुलूप लावणाऱ्याला आपण विचारतो, "काय, निघालात वाटतं?" दिसतंय की निघालाय! तरी तो चिडत नाही. "हो, निघालो" म्हणतो. नवीन काहीच कळलेलं नसतं, पण एकमेकांची दखल घेऊन झालेली असते.

म्हणजे सरांचा प्रश्न ही चौकशी नव्हतीच. त्यांनी चेंडू हलकेच माझ्याकडे टाकला होता आणि मी तो खिशात घालून उभी राहिले.

"चाललंय" या उत्तरात खोटं काही नाही. पण समोरच्याने पुढचं वाक्य टांगावं अशी एकही खुंटी त्यात नाही. "चाललंय, दोन दिवस त्या नव्या सॉफ्टवेअरशी कुस्ती खेळतेय" एवढं म्हटलं असतं तरी सर काहीतरी बोलले असते. निदान त्यांनाही ते सॉफ्टवेअर आवडत नाही हे कळलं असतं (पुढे चार महिन्यांनी कळलं, मीटिंगमध्ये).

हे ज्यांना जमतं त्यांचं मी आता बारकाईने बघते. आमच्यातली एक सहकारी यात तरबेज आहे. एका प्रशिक्षणाच्या मधल्या सुट्टीत ती एका अनोळखी गृहस्थांशेजारी उभी होती. ते म्हणाले, "मी हिशेब खात्यात." मी असते तर "अच्छा, किती वर्षं झाली?" ती म्हणाली, "म्हणजे वर्षअखेर आली की झोप उडत असेल." ते म्हणाले, "वर्षअखेरीचं काही नाही हो, मला एक तारखेची भीती वाटते." आणि इथे ती फक्त एवढंच म्हणाली, "एक तारखेला काय असतं?" गृहस्थ सुट्टी संपेपर्यंत बोलत होते. नंतर भेटले तेव्हा मला सांगतात, "तुमच्या मॅडम फार छान बोलतात." ती मोजून पाच वाक्यं बोलली होती!

तिची युक्ती मी लगेच उचलली आणि तोंडावर पडले. एका समारंभात शेजारी बसलेल्या काकांना एकामागून एक प्रश्न विचारत सुटले. सातव्या-आठव्या प्रश्नाला ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही पोलिसात आहात का?" तेव्हा कळलं की मधेमधे आपलंही काही द्यावं लागतं. नाहीतर गप्पांची उलटतपासणी होते.

पण आपलं देताना दुसरा खड्डा असतो. कोणी म्हणतं, "पाठ धरलीय." आपण म्हणतो, "अहो, माझी तर गेल्या वर्षी अशी धरली होती की..." झालं, पाठ त्यांची आणि दुखणं आपलं. चार्ल्स डर्बर या समाजशास्त्रज्ञाने उत्तरांचे असे दोन प्रकारच सांगितले आहेत, बोलणं समोरच्याकडे ठेवणारी आणि स्वतःकडे ओढून घेणारी. हे वाचल्यापासून मला घरातल्या, ऑफिसातल्या प्रत्येकाचे प्रकार ऐकू येतात. माझा स्वतःचाही. फार सुखाची गोष्ट नाही.

पगार, लग्न, मूल आणि वजन या चार विषयांवर मी काही लिहीत नाही. ते विचारणाऱ्यांना आपण गप्पाच मारतोय असं प्रामाणिकपणे वाटत असतं.

मला सगळ्यात जास्त धाक शांततेचा वाटायचा. दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जातो. एवढ्या वेगाची सवय असलेल्या कानाला दोन सेकंद युगासारखे वाटणारच. व्हिडिओ कॉलवर बाकीचे येईपर्यंतची दोन मिनिटं आठवा. "आवाज येतोय ना?" "येतोय." पुढे काही नाही. तिथे मी आता घाईघाईने काहीतरी भरत नाही. दोन सेकंद जाऊ देते. बऱ्याचदा समोरचाच काहीतरी बोलतो, आणि ते माझ्या घाईतल्या वाक्यापेक्षा बरं असतं.

घरी आल्यावर "आपण काय बावळटासारखं बोललो" म्हणून उशीत तोंड खुपसणाऱ्यांसाठी आणखी एक. अनोळखी माणसांच्या गप्पांवरचं २०१८ सालचं संशोधन सांगतं की गप्पांनंतर आपल्याला वाटतं त्यापेक्षा आपण समोरच्याला जास्त आवडलेले असतो. मी हे वाचून त्या पोलिसवाल्या काकांना मनोमन माफ केलं. त्यांनी मला केलं की नाही, माहीत नाही.

निघायचं कसं, हा वेगळाच घोळ. "बरं मग..." म्हणायचं आणि तिथेच उभं राहायचं. २०२१ सालच्या एका अभ्यासात दोघांनाही हवी तेव्हाच संपलेली संभाषणं जेमतेम दोन टक्के निघाली. तेव्हा अचूक क्षणाची वाट बघण्यात अर्थ नाही. मराठीने तर सोय करून ठेवलीय, आपण निघतानाही "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. म्हणावं आणि निघावं.

परवा पुन्हा तीच लिफ्ट. नवीन लागलेला एक मुलगा, मी, बाकी कोणी नाही. मी विचारलं, "काय रे, कसं चाललंय?"

"चाललंय, मॅडम."

मला हसूच आलं. त्याच्या हातातलं हेल्मेट ठिबकत होतं. म्हटलं, "पावसाने गाठलं वाटतं?"

"पावसाचं सोडा, गाडीच बंद पडली. तीही कुठे माहितेय?"

"कुठे?"

तेवढ्यात त्याचा मजला आला. तो बाहेर पडला, वळला, आणि मिटू लागलेलं दार पायाने अडवून त्याने उरलेलं सगळं सांगितलं.