इंडोनेशियाला मोजायला आपण शिकवलेलं नाही

'इंडोनेशियाचे आकडे संस्कृतातूनच गेले' असा एक मजकूर नात्यातल्या ग्रुपवर फिरतोय. भाचीने तो शाळेतल्या भाषणासाठी वहीत उतरवून घेतला, तेव्हा मात्र राहवेना.

पहिला दावा: तिथे दोनाला 'दुआ' म्हणतात, म्हणजे ते आपलं 'द्वि'. बरं, मग पुढचे आकडे का गाळले? चार 'अंपात', पाच 'लिमा', सहा 'अनाम'. यात संस्कृत दाखवा. न्यूझीलंडच्या माओरीत दोन म्हणजे 'रुआ' आणि पाच 'रिमा'. हवाईत 'लुआ' आणि 'लिमा'. तैवानच्या पायवान भाषेत 'द्रुसा' आणि 'लिमा'. ही सगळी एकाच ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळातली भावंडं. माओरींना संस्कृत शिकवायला कोण गेलं होतं? शिवाय मलयने (इंडोनेशियाची भाषा हिचंच रूप) 'द्वि' खरोखर उचलला तेव्हा तो 'द्वि'च राहिला. द्वैभाषिकाला तिथे 'द्विबाहासा' म्हणतात, आणि 'दुआ' त्याच्या शेजारी वेगळा नांदतो.

दुसरा दावा वाचून डोकंच फिरतं: 'भारतीय व्यापारी पोचेपर्यंत या लोकांना मोजता येत नव्हतं.' समुद्र ओलांडून बेटामागून बेट वसवणाऱ्या दर्यावर्दींबद्दल हे लिहिलंय! सुमात्रात पालेमबांगला सापडलेला कदुकान बुकित शिलालेख पाहा. इ.स. 683 चा, लिपी पल्लव, तारीख शकातली. म्हणजे भारताची छाप जितकी हवी तितकी आहे. तरीही पायी निघालेल्या सैनिकांची संख्या कोरलीय 'सरिवु त्लु रातुस सापुलु दुआ'. 'सरिवु' एक हजार, 'त्लु रातुस' तीनशे, 'सापुलु' दहा, वर 'दुआ'. झाले 1312. लिपी आपल्याकडची, शक आपला, पण ही मोजणी पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांच्या घरच्या शब्दांत. ज्यांना मोजता येत नव्हतं ते हे कसं कोरतील?

तिसरा दावा 'लाक्सा'चा. तो मान्य करावाच लागतो. हा शब्द 'लक्ष'वरूनच गेला, याच शिलालेखात सैन्य 'दुआ लाक्सा' म्हटलंय. पण मलयमध्ये लाक्सा म्हणजे दहा हजार, आपल्या लाखाचा दहावा हिस्सा. शब्द घेतला, किंमत स्वतः ठरवली.

राहिला 'पंचशील' या नावाचा दाखला. 1945 साली इंडोनेशियाचे स्वातंत्र्यनेते सुकार्णो यांनी राष्ट्राच्या पाच तत्त्वांना 'पंचासिला' हे भारदस्त संस्कृत नाव जाणूनबुजून दिलं. बाजारात पाच अंडी मागायची झाली तर तिथला माणूस 'लिमा'च म्हणतो.